घर बांधताना स्वयंपाकघराची आखणी: फक्कीच्या रेघांपासून ओट्यापर्यंत

घराचा नकाशा पहिल्यांदा हातात येतो तेव्हा स्वयंपाकघर म्हणजे त्यावरचा एक चौकोन असतो, त्यात ‘१०×१२’ एवढेच लिहिलेले असते आणि घरातल्या सगळ्यांचे लक्ष दिवाणखान्याच्या मापाकडे किंवा जिन्याच्या जागेकडे लागलेले असते. ओटा, ट्रॉल्या, फरशीचा रंग यांचे पुढे पाहू, असे ठरते. मग गिलावा पूर्ण झाल्यावर कळते की सांडपाण्याची नळी ज्या भिंतीतून बाहेर काढली आहे त्याच भिंतीला सिंक बसवावे लागणार, फ्रिजसाठी उरलेल्या कोपऱ्यात सॉकेट नाही आणि शेगडीची जागा नेमकी खिडकीच्या वाऱ्यात येते. पाणी, सांडपाणी, गॅस आणि वीज या चारही गोष्टी घरातील दुसऱ्या कोणत्याही खोलीत इतक्या दाटीने एकत्र येत नाहीत. म्हणून भिंतीच्या आत जे जाणार आहे ते आधी ठरवावे आणि डोळ्यांना दिसणारे सगळ्यात शेवटी. गुंठा-दीड गुंठा जागेवर पाच-सहा माणसांच्या कुटुंबासाठी पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांना समोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: आठवडाभराची नोंद

नकाशा पक्का होण्यापूर्वी सध्याच्या घरात एक आठवडा वही ठेवावी आणि स्वयंपाकघरात प्रत्यक्ष काय घडते ते लिहून काढावे. ओट्यापाशी एका वेळी किती माणसे असतात? रोज पोळ्या होतात की भाकरी? भाजी चाकूने उभ्याने चिरली जाते की विळीवर बसून? वर्षाचे धान्य उन्हाळ्यात भरले जाते की महिन्याचा किराणा येतो? नळाला पाणी रोज येते की चार दिवसांनी? भांडी सिंकमध्ये घासली जातात की मागच्या मोरीवर? देवघर स्वयंपाकघरातच हवे आहे का, आणि गौरी-गणपतीला किती पाने वाढावी लागतात? या प्रश्नांची उत्तरे घरोघरी वेगळी असतात. कोकणातल्या ज्या घरात रोज नारळ खवला जातो त्या घराला खवणीसाठी जमिनीवर तीन फूट बाय तीन फुटांची मोकळी, कोणाच्या पायात न येणारी जागा लागते. लातूरकडच्या ज्या घरात रोज दोन वेळा ज्वारीची भाकरी थापली जाते, तिथे परातीसाठी ओट्याचा एक भाग थोडा खाली असणे सोयीचे पडते.

स्वयंपाकघर असे मोजून-मापून आखण्याची कल्पना तशी जुनी आहे. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली फ्रँकफर्टमधील नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले, तेव्हा तिने काम करणाऱ्या बाईच्या हालचालींचा बारकाईने विचार केला होता. मात्र त्या आखणीत एका वेळी एकच बाई काम करणार हे गृहीत होते. आपल्याकडे सकाळी एक जण पोळ्या लाटते, दुसरी भाजते, तिसरे कोणी डबे भरते आणि चौथा चहा मागायला येऊन मध्येच उभा राहतो. म्हणून परदेशी आराखड्यांची मापे जशीच्या तशी उचलू नयेत.

दुसरी पायरी: घरातील जागा

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि किमान १.८ मीटर रुंद असावे; जेवणही तिथेच होणार असेल तर किमान ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंदी लागते. ही मापे तळाची आहेत. पाच-सहा माणसांच्या घरात आतून १० फूट बाय १२ फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर जागा मिळाली तर दोघांना एकमेकांना न अडखळता काम करता येते.

दिशेविषयी घरात बहुधा आधीच मत ठरलेले असते: स्वयंपाकघर आग्नेयेला आणि स्वयंपाक करणाऱ्याचे तोंड पूर्वेला. महाराष्ट्रात वर्षाचा मोठा भाग वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे आग्नेयेच्या खोलीतील धूर आणि फोडणीचा वास घरात न शिरता बाहेर जाण्याची शक्यता अधिक असते आणि सकाळचे ऊनही आत येते. तेव्हा ही जागा जमत असेल तर जरूर घ्यावी. पण प्लॉटचे तोंड किंवा शेजारच्या भिंती यांमुळे ती जमत नसेल, तर तेवढ्यासाठी हवा-उजेडाचा बळी देऊ नये. पश्चिमेची बाहेरची भिंत मात्र शक्यतो टाळावी, कारण दुपारच्या उन्हाने ती तापते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी तो ताप खोलीत उतरतो.

दिशेपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. स्वयंपाकघराला मागचे दार किंवा निदान धुण्या-भांड्यांची लागून जागा असावी. आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघर किंवा संडास स्वयंपाकघराच्या डोक्यावर येऊ देऊ नये, कारण तिथली गळती सुरू झाली की ती नेमकी ओट्यावर उतरते आणि वरची फरशी फोडल्याशिवाय थांबत नाही.

तिसरी पायरी: जोत्यावर फक्की

जोते भरून झाले आणि भिंतींच्या जागा कळू लागल्या की, वीटकाम सुरू होण्यापूर्वी अर्धा दिवस राखून ठेवावा. गवंड्याकडून फक्की (आखणीची पांढरी भुकटी) मागून घ्यावी आणि ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज, दारे यांच्या रेघा खऱ्या मापाने जमिनीवर ओढाव्यात. ओट्याच्या जागी कोरड्या विटा रचून दोन फूट रुंदीचा कट्टा उभा करावा. मग घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त स्वयंपाक करते तिला तिथे उभे करून, फ्रिजमधून भाजी काढणे, धुणे, चिरणे, फोडणीला टाकणे, ताट वाढणे हा सगळा क्रम नुसता चालून पाहायला सांगावा. कागदावर न दिसलेल्या गोष्टी इथे पाच मिनिटांत समोर येतात: मागचे दार उघडले की ते सिंकपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीला लागते, किंवा फ्रिजचे दार भिंतीला अडून अर्धेच उघडते. या वेळी रेघ पुसून नवी ओढायला काही खर्च येत नाही.

चौथी पायरी: ओट्याचा आकार आणि कामाचा क्रम

खोली अरुंद आणि लांबट असेल तर एका भिंतीला सरळ ओटा किंवा समोरासमोर दोन ओटे, आणि चौरसाकडे झुकणारी असेल तर काटकोनी ओटा सोयीचा पडतो. समोरासमोरच्या ओट्यांमध्ये निदान साडेतीन, शक्यतो चार फूट अंतर ठेवावे. खोलीच्या मधोमध सुटा ओटा चित्रात छान दिसतो. १० बाय १२ च्या खोलीत तो रोज वळसा घालायला लावतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

ओट्यावरील क्रम कामाच्या क्रमाने असावा: धुणे, चिरणे, शिजवणे, वाढणे. सिंक आणि शेगडी यांच्यात निदान दोन फुटांचा मोकळा ओटा हवा, कारण खरे काम तिथेच होते आणि पाण्याचे शिंतोडे तापलेल्या तेलात जाणे धोक्याचे असते. शेगडी बाजूच्या भिंतीला किंवा दाराला चिकटवू नये. कढईचा कान बाहेर आला तरी जाणाऱ्या-येणाऱ्याचा धक्का लागणार नाही एवढी जागा दोन्ही बाजूंना ठेवावी.

उदाहरणादाखल आग्नेयेची १० बाय १२ ची खोली घेऊ. पूर्वेची भिंत १० फूट, दक्षिणेची १२ फूट. पूर्व भिंतीला उत्तर टोकाकडून मोजत गेल्यास पहिला एक फूट धुतलेली भांडी निथळण्यासाठी, पुढचे दोन फूट सिंक, मग अडीच फूट चिरण्याची जागा, दोन फूट शेगडी आणि उरलेले अडीच फूट कोपरा धरून पोळपाटासाठी. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यावर पोळपाट उजव्या हाताला येतो. उजव्या हाताने लाटून डाव्या बाजूच्या तव्यावर पोळी टाकणे बहुतेकांना सोपे जाते, पण घरात कोणी डावखुरे असेल तर हाच क्रम उलटा करावा. ओटा दक्षिण भिंतीला वळवून कोपऱ्यापासून आठ फूट न्यावा, म्हणजे कोपऱ्याचे दोन फूट वजा जाता मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि डबे भरण्यासाठी सहा फूट मिळतात. त्यापुढे तीन फूट फ्रिजला. खिडकी सिंक आणि चिरण्याच्या जागेवर घ्यावी, शेगडीवर नको, कारण वाऱ्याने ज्योत फडफडते आणि गॅस वाया जातो. मागचे दार उत्तर भिंतीत, सिंकपासून दोन-तीन पावलांवर काढले की खरकटी भांडी सगळी खोली ओलांडून न्यावी लागत नाहीत. जेवणाच्या खोलीचे दार पश्चिमेला येते आणि उत्तर भिंतीचा उरलेला भाग कोठी किंवा मांडणीला मिळतो.

पाचवी पायरी: ओट्याची उंची

आमच्या घराचा ओटा बांधताना गवंड्याने ३६ इंच उंची धरली, ‘सगळीकडे असाच करतात’ म्हणाला आणि आम्हीही मान डोलावली. आई पाच फुटांची. पुढची कित्येक वर्षे ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटत असे, आणि त्या पाटाला ठेचकाळले नाही असे घरात कोणी उरले नाही.

उंची ठरवण्याची पद्धत सोपी आहे. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिने चप्पल घालून किंवा न घालता, जशी सवय असेल तशी, सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून चार ते सहा इंच वजा करावे. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला हे माप साधारण ३२ ते ३३ इंच येते, साडेपाच फुटांच्या व्यक्तीला ३५ ते ३६. लाटण्यासाठी अंगाचा भार खाली द्यावा लागतो, त्यामुळे शंका असेल तर दोन इंच कमीच धरावे. हे माप तयार फरशीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या कडेपर्यंतचे आहे, हे गवंड्याला स्पष्ट सांगावे. कोब्यावरून मोजले तर वर फरशी आणि तिच्याखालचा माल चढतो आणि ओटा दोन-तीन इंच ठेंगणा होतो. ओट्याची खोली दोन फूट पुरते. पायाचे चवडे आत जातील अशी तळाशी चार इंच उंच आणि तीन इंच आत खाच ठेवली तर कंबर ओट्याला टेकवून उभे राहता येते.

सहावी पायरी: पाणी आणि सांडपाणी

सिंकपाशी किती नळ हवेत हे प्लंबर आपणहून विचारत नाही. गच्चीवरील टाकीचे पाणी, नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नळाचे थेट पाणी आणि गरम पाणी, अशा तीन वेगळ्या लाइनी लागू शकतात. पिण्याचे पाणी थेट लाइनीतून भरायचे असेल तर तिचा नळ हंडा किंवा कळशी खाली बसेल अशा जागी घ्यावा. सिंकवरच्या आखूड नळाखाली हंडा बसत नाही. पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात पिंप आणि माठ यांच्यासाठी दीड फूट उंचीचा वेगळा कट्टा करावा आणि त्याच्या पायथ्याशी पाणी निघून जाण्याची वाट ठेवावी. शुद्धीकरण यंत्र बसवायचे असेल तर त्याला पाण्याची तोटी, सॉकेट आणि टाकाऊ पाण्याची नळी या तीनही गोष्टी एकाच जागी हव्यात. हे टाकाऊ पाणी सिंकमध्ये सोडण्याऐवजी मागच्या अंगणात पिंपात घेता येईल अशी नळी आताच भिंतीतून काढली तर फरशी पुसायला आणि भांडी विसळायला ते वापरता येते.

सांडपाण्याची चूक सर्वांत महाग पडते. सिंकची नळी ५० मिलिमीटरची आणि फरशीवरील नहाणी ट्रॅपची (फरशीचे पाणी जिथून जाते त्या जाळीच्या भोकाची) ७५ मिलिमीटरची घ्यावी, आणि आडव्या नळीला दर फुटाला निदान पाव इंच ढाळ द्यावा. म्हणजे सिंक बाहेरच्या भिंतीपासून १२ फूट दूर असेल तर नळी तीन इंच खाली उतरवावी लागते, जे फरशीखाली नेहमीच जमते असे नाही. म्हणूनच सिंक बाहेरच्या भिंतीला घेण्याचा आग्रह धरावा. भाताची पेज, तेल आणि चहाचा चोथा यांनी नळी आतून आवळत जाते, तेव्हा वळणाच्या ठिकाणी काटकोनी जोड न देता तिरके जोड द्यावेत आणि एक तरी झाकण उघडून गज घालता येईल असे ठेवावे. स्वयंपाकघराचे पाणी बाहेरच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे तळाशी साचलेल्या पाण्याने वास अडवणाऱ्या कुंडीतच सोडावे. संडासाच्या लाइनीला थेट जोडले तर दुर्गंधी आणि झुरळे दोन्ही सिंकमधून वर येतात.

पितळी पातेली आणि मोठे कुकर घासायचे असतील तर सिंक आतून निदान २४ बाय १८ इंच आणि ८ ते ९ इंच खोल असावे. तरीही सणाची भांडी त्यात मावत नाहीत. मागच्या दाराबाहेर चार फूट बाय तीन फुटांची, जमिनीपासून थोडी उंच मोरी आणि तिच्यावर एक नळ असला तर भांडी घासणाऱ्या बाईंना बसून काम करता येते आणि ओटाही मोकळा राहतो. माझ्या मते महागड्या ट्रॉलीपेक्षा ही मोरी आधी करून घ्यावी.

सातवी पायरी: गॅस आणि धूर

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि भरलेल्या सिलिंडरचे वजन जवळपास ३० किलो होते, म्हणून तो ओढत न्यावा लागणार नाही अशा सपाट, दारापासून जवळच्या जागी ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर त्या खणाला बंद दार लावू नये, किंवा जाळीचे दार लावून जमिनीलगत बाहेरच्या भिंतीत हवेचे भोक ठेवावे. सिलिंडर उभाच असावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. रबरी नळी प्रमाणित असावी, दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि दर पाच वर्षांनी बदलावी. शहरात नळाचा गॅस मिळणार असेल तर तो हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे चढतो, त्यामुळे तिथे हवेची वाट वरच्या बाजूला लागते. कोणताही गॅस असो, त्याची नळी भिंतीत पुरून वर गिलावा करू नये.

फोडणीच्या धुरासाठी शेगडीच्या वरच्या भिंतीत, लिंटेलजवळ (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईजवळ), एक्झॉस्ट पंख्याचे गोल भोक वीटकाम चालू असतानाच ठेवावे. चिमणी बसवायची असेल तर सहा इंच व्यासाच्या नळीची वाट लागते. नळी जितकी लांब आणि जितकी वळणे जास्त, तितकी धुराची ओढ कमी, म्हणून शेगडी बाहेरच्या भिंतीला असणे इथेही उपयोगी पडते.

आठवी पायरी: वीज

वायरमन भिंतीला झिऱ्या मारायला येण्याआधी उपकरणांची यादी आणि प्रत्येकाची जागा खडूने भिंतीवर लिहून ठेवावी. मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी, गीझर आणि घरघंटी यांना प्रत्येकी १६ अँपिअरचे सॉकेट आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. एकटी इंडक्शन शेगडीच २००० वॅटपर्यंत वीज घेते. मिक्सर, शुद्धीकरण यंत्र आणि चिमणी यांना ६ अँपिअर पुरते. स्वयंपाकघराचे सर्किट घराच्या इतर दिव्यांपासून वेगळे ठेवून त्यावर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र (आरसीसीबी) बसवावे, कारण ओल्या हातांनी बटणे दाबली जाणारी ही खोली आहे. सॉकेट ओट्याच्या वर सुमारे एक फूट असावेत. शेगडीच्या मागे किंवा सिंकच्या लगत एकही नको. ओट्यावर मिक्सरसाठी जोडीने दोन सॉकेट घ्यावेत, एक कधीच पुरत नाही.

छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाची सावली नेमकी चिरण्याच्या जागेवर पडते. एक दिवा ओट्याच्या वर, माळ्याच्या किंवा कपाटाच्या तळाशी हवाच.

नववी पायरी: साठवण

वर्षाचे धान्य भरणाऱ्या घराला वेगळी कोठी हवी, निदान चार फूट बाय पाच फुटांची, बाहेरच्या भिंतीत लहान जाळीची खिडकी असलेली आणि शक्यतो पाण्याच्या लाइनीपासून दूर. ओल लागलेल्या भिंतीला टेकलेले धान्य पावसाळ्यात कीड धरते. धान्याच्या टाक्या जमिनीवर न ठेवता कडाप्प्याच्या चार-सहा इंच उंच बैठकीवर ठेवाव्यात. माळा केला तर तो तळण-मळणाची मोठी भांडी, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या अशा सणापुरत्या वस्तूंसाठी. रोजची वस्तू खांद्याच्या वर नसावी.

ओट्याखालचे उभे आधार कडाप्प्याचे केले तर वाळवी आणि पाणी दोन्हींची चिंता मिटते. कपाटे प्लायवूडची हवी असतील तर निदान सिंकखालच्या खणाला आयएस ७१० दर्जाचे, म्हणजे पाण्यात टिकणारे घ्यावे. जमिनीला घसरडी, गुळगुळीत फरशी नको. ओट्यामागच्या भिंतीवर टाइल्स दोन फुटांपर्यंत पुरतात. शेगडीच्या मागे मात्र त्या चिमणीपर्यंत न्याव्यात.

गिलाव्यापूर्वीची तपासणी

भिंतीतील नळ्या आणि वायरी टाकून झाल्या की गिलावा करण्यापूर्वी पाण्याच्या लाइनीत दाब देऊन त्या रात्रभर ठेवाव्यात आणि सकाळी प्रत्येक जोडाला कोरडे फडके लावून पाहावे. सांडपाण्याच्या नळीत बादलीभर पाणी एकदम ओतावे आणि बाहेर दुसऱ्याने ते किती वेळात येते ते पाहावे. मग प्रत्येक भिंतीला मोजपट्टी टेकवून, जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची मापे स्पष्ट दिसतील असे फोटो काढावेत, त्यांची एक छापील प्रत घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावी आणि एक प्रत सुताराला द्यावी, म्हणजे कपाटाचा खिळा ठोकताना त्याला नळी कुठून गेली आहे ते कळेल.